एथिकल हॅकिंगची प्रमाणपत्रे: किती मोलाची, किती भरवशाची?

वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. एथिकल हॅकिंगचे, म्हणजे मालकाच्या परवानगीने संगणक-व्यवस्थेत शिरून तिच्यातील दोष शोधण्याच्या कामाचे, प्रमाणपत्र घ्यावे का, घरबसल्या दिलेल्या परीक्षेवर कोणी विश्वास ठेवते का, आणि ज्यांच्याकडे अशी प्रमाणपत्रे आहेत त्यांना कसे पारखावे, असे त्यांचे सूर आहेत. त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा बी.एस्सी. आयटीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ठाण्यातील एका क्लासने सहा महिन्यांच्या एथिकल हॅकिंग अभ्यासक्रमासाठी पंच्याऐंशी हजार रुपये सांगितले आहेत. शेवटी ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ आणि ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ मिळेल, असे ते म्हणतात. यजमानांच्या भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढावेत का?
— एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, निधीला आत्ताच हात लावू नका. आधी क्लासकडून काही गोष्टी लेखी मागून घ्या. शेवटी मिळणारे प्रमाणपत्र नेमके कोणाचे आहे? क्लासने स्वतः छापलेले अभ्यासक्रम-पूर्तीचे प्रमाणपत्र आणि एखाद्या स्वतंत्र संस्थेने परीक्षा घेऊन दिलेले प्रमाणपत्र यांत फार अंतर आहे, आणि जाहिरातीतल्या ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाखाली दोन्ही सहज झाकली जातात. परीक्षा स्वतंत्र संस्थेची असेल, तर तिचे पूर्ण नाव काय, परीक्षा शुल्क या पंच्याऐंशी हजारांत धरले आहे का, आणि मुलगा नापास झाला तर दुसऱ्या वेळचे शुल्क कोण भरणार, हेही विचारा. नोकरीची हमी करारपत्रावर लिहून द्यायला सांगा. पुष्कळदा तेथेच ‘हमी’चे ‘सहकार्य’ होते.

आता प्रमाणपत्रांविषयी. आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारे नाव सीईएच, म्हणजे अमेरिकेतील ईसी-कौन्सिल या संस्थेचे ‘सर्टिफाइड एथिकल हॅकर’. त्याच्या मुख्य परीक्षेत चार तासांत पर्यायी उत्तरांचे १२५ प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रश्नसंच किती अवघड आहे त्यानुसार उत्तीर्णतेची रेषा ६० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान ठरते. हल्ल्यांचे प्रकार, साधनांची नावे, कामाचे टप्पे अशा विस्तृत क्षेत्राची ओळख या अभ्यासातून होते, आणि ती निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु उमेदवाराला खरोखर एखाद्या सर्व्हरमध्ये शिरता येते का, शिरल्यावर काय सापडले ते ग्राहकाला समजेल अशा भाषेत लिहिता येते का, हे अशा परीक्षेतून कळत नाही. आरटीओच्या शिकाऊ परवान्यासाठी संगणकावर खुणा ओळखणे आणि प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवणे यांत जे अंतर असते, तेच येथे आहे. ईसी-कौन्सिललाही ते ठाऊक असावे, कारण तिने सहा तासांत वीस आव्हाने सोडवण्याची स्वतंत्र प्रात्यक्षिक परीक्षा ठेवली आहे. ती दिलेला उमेदवार समोर आला, तर त्याला मी अधिक गांभीर्याने घेईन.

तरीही नोकरीच्या जाहिरातींत सीईएचच सर्वाधिक का दिसते? जे मनुष्यबळ विभाग अर्ज चाळतात त्यांना ओळखीचे नाव हवे असते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मान्य प्रमाणपत्रांच्या यादीत ते बराच काळ आहे. शिवाय व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठीच्या आयएसओ १७०२४ या मानकाखाली त्याला अधिस्वीकृती आहे. या शेवटच्या गोष्टीचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. परीक्षा ठरलेल्या पद्धतीने, निःपक्षपातीपणे घेतली जाते आणि प्रमाणपत्राची मुदत व नूतनीकरण नियमाने चालते, एवढे ते मानक सांगते. परीक्षा किती खोल आहे, याविषयी ते काही सांगत नाही.

दुसऱ्या टोकाला ओएससीपी आहे. सुरक्षा-चाचणीसाठी वापरली जाणारी काली लिनक्स ही प्रणाली तयार करणारी ऑफसेक ही संस्था हे प्रमाणपत्र देते. उमेदवाराला २३ तास ४५ मिनिटे एका बंदिस्त नेटवर्कमध्ये सोडतात. तेथील यंत्रांमध्ये स्वतः वाट काढून शंभरपैकी किमान सत्तर गुण मिळवायचे आणि त्यानंतरच्या २४ तासांत केलेल्या प्रत्येक पायरीचा पुराव्यासह अहवाल लिहून पाठवायचा, असे त्याच्या परीक्षेचे स्वरूप आहे. अहवाल अपुरा असेल तर केलेले कामही वाया जाते. तपासणीचे काम देणाऱ्या कंपन्यांना याच कारणाने ते अधिक विश्वासार्ह वाटते. पण त्याचा अभ्यासक्रम आणि परीक्षा मिळून दीड हजार डॉलरहून अधिक खर्च येतो, आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एकदम तेथे उडी घेणे मला योग्य वाटत नाही.

तुमच्या मुलाने पहिले सहा महिने जवळजवळ पैशाविना घालवावेत, असा माझा आग्रह आहे. नेटवर्किंगची मूलतत्त्वे, लिनक्सची आज्ञावली आणि पायथनसारखी एक भाषा पक्की करावी. ओव्हरदवायर या संकेतस्थळावरील ‘बँडिट’ नावाचा सराव, पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी आणि स्वतःच्या लॅपटॉपवर चालवता येणारे, सरावासाठी मुद्दाम सदोष ठेवलेले ओवास्पचे ‘ज्यूस शॉप’ संकेतस्थळ हे सारे विनामूल्य आहे. नल या मुक्त समुदायाच्या मुंबई शाखेच्या बैठकांना कोणालाही जाता येते. तेथे या क्षेत्रात काम करणारी माणसे प्रत्यक्ष भेटतात, आणि दहा जाहिराती वाचून जे कळणार नाही ते त्यांच्याशी तासभर बोलून कळते. सोडवलेल्या प्रत्येक सरावाची नीट टिपणे मुलाने इंग्रजीत लिहून ठेवावीत. पहिल्या मुलाखतीत तीच उपयोगी पडतात.

एवढे करूनही त्याची ओढ टिकली, तर काँप्टियाचे सिक्युरिटी प्लस किंवा आयएनईचे ईजेपीटी यांपैकी एखादे सुरुवातीचे प्रमाणपत्र घ्यावे. सीईएच घ्यायचेच ठरले, तर एक नियम लक्षात असू द्या : अधिकृत प्रशिक्षण न घेता परीक्षेला बसायचे असेल तर माहिती-सुरक्षेतील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो आणि शंभर डॉलरचे अर्जशुल्क भरावे लागते, जे परत मिळत नाही. त्यामुळे क्लास ईसी-कौन्सिलचा अधिकृत भागीदार आहे की नाही, हे संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहून खात्री करा. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते, ते चालू ठेवण्यासाठी या काळात निरंतर शिक्षणाचे १२० क्रेडिट मिळवावे लागतात आणि दरवर्षी शुल्क भरावे लागते. हा खर्च क्लासच्या माहितीपत्रकात सहसा नसतो.

प्रश्न : आम्ही लालबागला चाळीत राहतो. एकच खोली आणि घरात पाच माणसे. ऑनलाइन परीक्षेत खोलीत एकट्यानेच बसायचे आणि कॅमेरा सतत चालू ठेवायचा अशी अट आहे. आमच्यासारख्यांनी काय करावे? आणि घरून दिलेल्या परीक्षेला कंपन्या कमी लेखतात का?
— एक विद्यार्थी, लालबाग

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. परीक्षा घरून दिली की केंद्रावर, हे बहुतेक प्रमाणपत्रांवर लिहिलेलेही नसते आणि मुलाखत घेणारे ते सहसा विचारत नाहीत. तरीही तुमच्या मनातली शंका रास्त आहे. करोनाच्या काळात घरून परीक्षा देण्याची पद्धत झपाट्याने रूढ झाली, आणि तिच्यासोबत तोतया उमेदवार, दूरनियंत्रणाने दुसऱ्याच्या संगणकावर उत्तरे भरणारे, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसून मदत करणारे असे सगळे प्रकारही वाढले. कॅमेरा चेहरा पाहतो, ओळखपत्र पाहतो, खोलीच्या चारही बाजू पाहतो. पडद्यावर काय उघडले आहे तेही पाहता येते. पण जो मुद्दाम फसवायलाच बसला आहे त्याला कॅमेरा प्रत्येक वेळी पकडेल, असे कोणी म्हणू नये. उलट बाजूही खरी आहे. तोंडाने पुटपुटत प्रश्न वाचण्याची सवय असलेल्या किंवा विचार करताना वर-खाली पाहणाऱ्या प्रामाणिक उमेदवाराला ताकीद मिळते, आणि ज्याच्या घरात बंद होणारे दार नाही तो परीक्षेआधीच मागे पडतो. ही असमानता मला फार बोचते. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी तिचा विचार पुरेसा केलेला नाही.

मात्र ‘केंद्रावर झालेली परीक्षा खरी आणि घरची खोटी’ ही समजूतही टिकत नाही. ब्रिटनमधील क्रेस्ट या संस्थेच्या परीक्षा प्रत्यक्ष देखरेखीखाली होत असत. तरीही २०२० साली त्या परीक्षांच्या तयारीची, प्रश्नांचे स्वरूप उघड करणारी कागदपत्रे गिटहब या सार्वजनिक संकेतस्थळावर आल्याचा गवगवा झाला आणि संस्थेला चौकशी करावी लागली. पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत मोठा धोका प्रश्नसंच फुटण्याचा असतो, आणि फुटलेला संच पाठ करून आलेला उमेदवार वांद्र्याच्या केंद्रावर बसला काय किंवा घरी बसला काय, निकाल सारखाच लागतो.

म्हणून परीक्षेची विश्वासार्हता जोखताना मी तिची रचना पाहतो. ओएससीपीमध्ये स्वतःची टिपणे आणि इंटरनेट वापरायला मुभा आहे. एआय चॅटबॉटला बंदी आहे. पुस्तक उघडे असूनही जो प्रश्न अवघड राहतो, तेथे लपवून नेलेल्या चिठ्ठीला अर्थ उरत नाही. तोतया बसवण्याचा धोका तेथेही शिल्लक असतो आणि त्यासाठीच ऑफसेकने २०१८ पासून कॅमेऱ्याची देखरेख आणली. टीसीएम सिक्युरिटीच्या पीएनपीटी या परीक्षेची पद्धत मला त्याहून अधिक पटते : पाच दिवस चाचणी, दोन दिवस अहवाल, आणि शेवटी परीक्षकासमोर पंधरा मिनिटे आपल्या कामाची तोंडी मांडणी. ज्याने काम स्वतः केले नाही, त्याला ही पंधरा मिनिटे निभावणे जड जाते. आपल्या विद्यापीठांत तोंडी परीक्षा नुसती उपचारापुरती उरली आहे, हे मनात येऊन वाईट वाटते.

आता तुमच्या खोलीविषयी. पर्यायी प्रश्नांची परीक्षा देणार असाल आणि तिच्यासाठी केंद्राचा पर्याय असेल, तर निःसंकोच केंद्र निवडा. काँप्टियाच्या परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रांवर होतात आणि मुंबईत अशी केंद्रे आहेत. संगणक त्यांचा, वीज त्यांची, शांतता त्यांची. घरून परीक्षा देताना मध्येच कोणी आत आले तर परीक्षा तेथेच थांबवली जाऊ शकते, आणि शुल्क परत मिळण्याची खात्री नसते. गल्लीतल्या अभ्यासिकेत बसून देण्याचा विचार करू नका. आजूबाजूला माणसे असलेली जागा चालत नाही.

ओएससीपीसारखी परीक्षा मात्र केंद्रावर देता येत नाही. अशा वेळी एखाद्या नातेवाइकाची रिकामी खोली मागून घ्यावी किंवा को-वर्किंगच्या जागेत बंद केबिन दोन दिवसांसाठी भाड्याने घ्यावी. केबिन काचेची नसावी, कारण पलीकडची ये-जा कॅमेऱ्यात दिसते. रात्रभर ती उघडी राहते का, हेही विचारून घ्या. परीक्षेच्या मध्ये जेवायला, झोपायला विश्रांती घेता येते, तेव्हा चोवीस तास जागे राहण्याचा हट्ट धरू नका. जुलै-ऑगस्टमधली तारीख शक्यतो टाळा. मुसळधार पावसात वीज किंवा केबल गेली तर शंभर गुणांची परीक्षा राउटरच्या दिव्याकडे पाहत बसण्यात जाते. मोबाइलचा हॉटस्पॉट वेगळ्या कंपनीच्या सिमवर तयार ठेवा आणि ज्या लॅपटॉपवर परीक्षा द्यायची त्याच लॅपटॉपवर, त्याच जागी, आदल्या आठवड्यात चाचणी करून पाहा. कार्यालयाचा लॅपटॉप वापरू नका, त्यातील सुरक्षा-व्यवस्था देखरेखीचे सॉफ्टवेअर अडवते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांना हमखास अडवते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचे नाव मध्ये, आणि नोंदणी करताना आपण लिहितो फक्त नाव-आडनाव. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरील नाव नोंदणीशी जुळले नाही, तर प्रवेश नाकारला जातो. पासपोर्ट असेल तर त्यावरचेच नाव अक्षरशः तसे नोंदवा.

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेला बाहेरच्या कंपनीकडून सुरक्षा-चाचणी करून घ्यायची आहे. आलेल्या तीनही प्रस्तावांत सीईएचधारकांची लांबलचक यादी आहे. निवड कशी करावी?
— एक अधिकारी, गिरगाव

उत्तर : महोदय, रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट लागू केली. आपली बँक कोणत्या स्तरात बसते, हे प्रथम निश्चित करा. त्यावरून चाचणीची व्याप्ती ठरेल. कंपनी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्यताप्राप्त तपासनीसांच्या यादीत, आहे का, हे सर्ट-इनच्या संकेतस्थळावरील चालू यादीतून पाहा, कंपनीने जोडलेल्या जुन्या पत्रावरून नको.

पॅनेलवरील नोंद ही कंपनीविषयी असते आणि प्रमाणपत्र एका माणसाविषयी. प्रस्तावात ज्यांची प्रमाणपत्रे जोडली आहेत, तीच माणसे आपल्या बँकेचे काम करतील याची शाश्वती त्यांपैकी कशानेच मिळत नाही. अनुभवी व्यक्तींची नावे दाखवून प्रत्यक्ष कामाला नवशिकी मुले पाठवणे, हा या व्यवसायातला मोठा दोष आहे. म्हणून काम करणाऱ्यांची नावे करारात घाला आणि बदल करायचा झाल्यास बँकेची लेखी संमती लागेल, असे कलम ठेवा. प्रत्येक प्रमाणपत्राचा क्रमांक देणाऱ्या संस्थेच्या पडताळणी पानावर तपासा. पीडीएफ कोणालाही बनवता येते.

मग आधीच्या एखाद्या कामाचा, ग्राहकाचे नाव-तपशील झाकलेला अहवाल मागवा. त्यात केवळ आपोआप दोष शोधणाऱ्या स्कॅनर सॉफ्टवेअरने काढलेली शंभर पानांची यादी असेल, तर ती असुरक्षितता-तपासणी झाली, प्रत्यक्ष आत शिरून पाहणारी भेदन-चाचणी नव्हे. चांगल्या अहवालात दोन किरकोळ दोष जोडून खातेदाराच्या माहितीपर्यंत कसे पोहोचता आले, ती वाट पायरी-पायरीने दाखवलेली असते, आणि दुरुस्ती कोणत्या विभागाने काय करावी हेही असते. शेवटी त्या माणसांना बँकेत बोलावून त्यांच्याच अहवालातील एका निष्कर्षावर अर्धा तास बोलते करा. आपल्या आयटी विभागातील एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्यालाही त्या बैठकीत कोण जाणकार आहे ते कळेल. दुरुस्तीनंतरची फेरतपासणी त्याच दरात मिळेल का, हे ठरवल्याशिवाय स्वाक्षरी करू नका.

प्रश्न : टेलिग्रामवर एक गट ‘पैसे भरा, आम्ही तुमच्या नावावर परीक्षा देतो, पास होण्याची हमी’ असे सांगतो. मित्रांनी तसे केले आहे. यात धोका काय?
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : धोका सांगण्याआधी एवढे स्पष्ट सांगतो, की ही फसवणूक आहे आणि तुम्ही ती करू नये. तुम्ही ओळखपत्राची प्रत आणि आपल्या संगणकाचा पूर्ण ताबा अनोळखी माणसांच्या हाती देता, पुढे त्याचा वापर तुम्हालाच धमकावण्यासाठी होऊ शकतो. उघडकीस आल्यास संस्था प्रमाणपत्र रद्द करते आणि पुढील परीक्षांना बंदी घालते. ‘डंप’ म्हणून विकले जाणारे फुटलेले प्रश्नही याच सदरात मोडतात, कारण परीक्षेतील मजकूर उघड न करण्याचा करार प्रत्येक उमेदवाराने स्वीकारलेला असतो. या व्यवसायात एखादी बँक किंवा रुग्णालय आपल्या साऱ्या माहितीची दारे तुमच्यासमोर उघडी करते. त्या विश्वासाची सुरुवातच खोट्या नावाने झालेली मला पाहवत नाही.

प्रश्न : माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. सराव म्हणून आमच्या कॉलेजच्या संकेतस्थळाची तपासणी केली आणि त्यात दोष सापडला. इतर विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका दिसतात. आता काय करू?
— एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : तपासणी ताबडतोब थांबवा. प्रमाणपत्र कोणाच्याही संगणकात शिरण्याची परवानगी देत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीवाचूनचा प्रवेश येतो, आणि तो अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमचा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे, पण तो सिद्ध करण्याची पाळी स्वतःवर ओढवून घेऊ नका.

कोणाचीही गुणपत्रिका उतरवून घेतली असेल तर ती कोणाला पाठवू नका, समाजमाध्यमांवर लिहू नका आणि मैत्रिणींनाही पत्ता देऊ नका. दोष कोणत्या पानावर, कोणत्या दिवशी, कसा दिसला, एवढेच मोजक्या शब्दांत लिहून विश्वासातील प्राध्यापकांमार्फत प्राचार्यांना कळवा. दाद मिळाली नाही, तर अशा दोषांची माहिती स्वीकारून संबंधितांशी समन्वय साधण्याची सर्ट-इनची जाहीर पद्धत आहे, तिचा वापर करा. कॉलेजने दुरुस्तीनंतर पुन्हा तपासायला सांगितले, तर कोणता पत्ता, कोणत्या तारखांना आणि कोणत्या मर्यादेत तपासायचा, हे प्राचार्यांच्या स्वाक्षरीनिशी लेखी मिळाल्यावरच लॅपटॉप उघडा.